पट्टीला न पटलेलं दुखणं

त्या काळी डायलिसिस केंद्रात रोग्याला कुठं दुखतंय हे विचारायची पद्धतच उरली नव्हती. मनगटावरची 'वेदनापट्टी' नसांमधले संकेत वाचायची आणि दुखणं खरं की किरकोळ, ते दहापैकी आकड्यात सांगायची. माणूस विव्हळला तरी चालेल, आकडा विव्हळला पाहिजे, असा शहाण्या लोकांचा कारभार.

रघोजी जगदाळे खुर्चीवर गार घामाने भिजले होते. उजव्या कुशीत कळ मावत नव्हती, आणि पट्टीवर आकडा होता एक. त्यांची बायको वच्छलाबाई पुन्हा पुन्हा तक्रार घेऊन गेली. दर वेळी तिला आकडाच ऐकवण्यात आला. शेवटी पट्टी बनवणाऱ्या डॉक्टर मृणाल ओगले दिसल्या, तशी तिने त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीपाशी आणलं.

"तुमची पट्टी ठेवा बाजूला. ह्यांच्या कुशीला हात लावून बघा."

कूस फुगून टणक झाली होती. ओगलेबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मशीन थांबवलं, स्कॅन केला. निकामी मूत्रपिंडावर कालांतराने पाण्याचे फोड धरतात. त्यातला एक फुटून आत रक्त साचत होतं. नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून डायलिसिसमध्ये दिलेलं औषध ते थांबूही देत नव्हतं. औषधावर उतारा दिला, रक्त चढवलं, मांडीतून बारीक नळी घालून वाहती धमनी बंद केली. रघोजी वाचले.

पट्टी चुकली कशी, असा जाब वच्छलाबाईने विचारला. ओगलेबाईंनी मान खाली घालून सांगितलं की पट्टी स्वतः काही जाणत नाही. नसांचा संकेत आणि रोग्याचं उत्तर अशा जोड्या दाखवून तिला ह्याच केंद्रात शिकवलं होतं. अशी कळ आली की बहुतेकांचं उत्तर एकच होतं: बरं आहे.

"मग दुसरं काय म्हणणार? दुखतंय म्हटलं की मशीन काढून पाळी दुसऱ्याला देता तुम्ही. आमचे हेच नव्या पेशंटांना शिकवायचे, गप बसा म्हणून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, अन् त्याचं तुम्ही शास्त्र केलंत."

ते शास्त्र आता राज्यभरच्या मनगटांवर बांधलेलं होतं.

रघोजी शुद्धीवर आले तेव्हा ओगलेबाईंनी त्यांच्या मनगटावरची पट्टी सोडून आपल्या खिशात टाकली आणि कित्येक वर्षांनी स्वतःच्या तोंडाने विचारलं, "जगदाळे, कुठं दुखतंय?"

रघोजींनी आधी बायकोकडे पाहिलं, मग रिकाम्या मनगटाकडे.

"सांगितलं तर पाळी जाणार नाही ना, डॉक्टर?"