खिडकीसमोरचं टेबल

"तुम्ही उठताय, की मी दुसरा जिना बांधून घेऊ?"

हेडफोन काढता काढता तिच्या कानावर एवढंच पडलं. खाली पाहिलं, तर कपाटाचं एक लांबलचक दार जिना चढून येत होतं आणि त्याच्या कडेवरून दोन डोळे तिच्याकडे बघत होते. ती मधल्याच पायरीवर बसली होती. एक पाय अंगाखाली दुमडलेला, मांडीवर लॅपटॉप, शेजारी पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा — सगळा संसार मांडलेला.

"अहो, एक मिनिट... नायक निघून चाललाय, आणि नायिकेने त्याला अजून थांबवलं नाहीये."

"तिचं काय ते होऊ दे. पण तुम्ही मला थांबवलंय, आणि हे दार जड आहे."

ती उठली. तो दार सांभाळत बाजूने वर गेला — लाकडाच्या भुशाचा वास, कमरेला अडकवलेली टेप, आणि जाता जाता एक चोरटं हसू... नंतर तो नायक थांबला की गेला, हे तिला तोच प्रसंग पुन्हा पुन्हा बघूनही कळलं नाही.

सिनेमांची सबटायटल्स लिहिणं हे तिचं काम. पडद्यावर कुणी कुणाला जीव तोडून काही सांगायला लागलं, की ते सगळं ही दोन ओळींत बसवणार. कामात हुशार, पण एका जागी बसेल तर शपथ! सकाळी पलंगावर, मग जेवणाच्या टेबलाशी, मग स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी, आणि मावशीने मिक्सर लावला की थेट जिन्यात. आई-बाबा परगावी, म्हणून ती मावशीकडे राहायची. मावशीचं घर लहान, आवाज मोठा आणि माया त्याहून मोठी. भाचीचं नाव तिने कधीच टाकून दिलं होतं. ती तिला भिंगरीच म्हणायची.

आता मात्र घोडं अडलं होतं. कामं रखडायला लागली, तशी मुख्य ऑफिसातल्या मॅडमनी निर्वाणीचं सांगितलं, "महिनाभर बघते. घरून जमत नसेल तर इथे ये आणि ऑफिसात बस." हे 'इथे' म्हणजे रात्रभराच्या प्रवासावरचं शहर. तिला जायचं नव्हतं. मग मावशीने पदर खोचून मागची अडगळीची खोली रिकामी केली आणि मागच्या गल्लीतल्या फर्निचरवाल्याला बोलावणं धाडलं.

भिंगरीने दार उघडलं, तर समोर तोच... जिन्यातला!

"आज हातात दार नाही," तो म्हणाला. "तरी वाट द्याल ना?"

मावशीने पाच मिनिटांत त्याचं नाव टेपवाला ठेवलं. त्याने खोलीभर टेप फिरवली, भिंतींवर टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "एक लक्षात ठेवा. खिडकीकडे तोंड करून बसायचं नाही, उजेड डोळ्यांवर येतो. टेबल या भिंतीला लावू. खिडकी तुमच्या डाव्या हाताला."

"आणि मला बाहेर बघावंसं वाटलं तर?"

"काम करायचंय की बाहेर बघायचंय?"

"बाहेर काय आहे ते बघते, मग ठरवते."

बाहेर गल्ली होती, आणि गल्लीपलीकडे त्याच्याच कारखान्याचं उघडं दार. ते दोघांनाही दिसलं.

त्याची कामाची एक तऱ्हा होती. नुसती खोली मोजून तो टेबल करत नसे. माणूस बसतो कसा, ते आधी बघत असे. "मी इथे नाहीच असं समजा. नेहमीसारखं काम करा," असं म्हणून तो कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला.

आता तुम्हीच सांगा, असा माणूस टक लावून बघत असताना कुठली मुलगी नेहमीसारखी बसेल? ही फोटो काढायला बसावं तशी बसली. पाय जमिनीला टेकलेले, पाठ ताठ, मान सरळ. पाठीला रग लागली, तरी हलली नाही.

"इतक्या शिस्तीत बसणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला आणि माप घ्यायला जवळ आला. टेपचं टोक तिच्या कोपराला लागलं.

"गार आहे..." ती पुटपुटली.

"टेप?"

"मग काय, तुम्ही?"

यावर दोघंही उगाचच छताकडे बघू लागले.

त्यानंतर टेपवाल्याचं येणं वाढलं. कधी लाकडाचा तुकडा दाखवायला, कधी रंग विचारायला, कधी आधीच विचारलेलं पुन्हा विचारायला. जिना वाजला की भिंगरी हेडफोन काढून दाराशी जायची, तो गेला की घर खायला उठायचं. दुसऱ्यांचं प्रेम दोन ओळींत बसवणाऱ्या या मुलीला स्वतःसाठी एक ओळ सुचेना!

अखेर टेबल आलं. गुळगुळीत, मधाच्या रंगाचं. मांडीच्या वर एक खण, सोबत हातांची खुर्ची. पण टेपवाल्याने ते ठेवलं... खिडकीसमोर.

"तुम्हीच नको म्हणाला होतात ना?"

"हो, पण... त्या भिंतीला ओल आहे." एवढं बोलून तो निघूनही गेला. मावशीने भिंतीवर हात फिरवला. भिंत ठणठणीत कोरडी होती.

आणि काम? ते काही होईना. पाय दुमडावा तर गुडघा खणाला आपटे, मांडी घालावी तर खुर्चीचे हात आडवे येत. दुपारी ऊन डोळ्यांत. डोळे मिचकावून वर बघावं, तर पलीकडे तो रंधा मारताना दिसे, आणि पडद्यावरचं जोडपं तसंच ताटकळत राही. आठवडाभरात भिंगरी पुन्हा जिन्यात!

"नाचता येईना अंगण वाकडं," मावशी करवादली. "एवढं सोन्यासारखं टेबल!"

तिलाही ते पटलं. खोट आपल्यातच आहे. महिना संपत आला, तेव्हा तिने मॅडमना येते म्हणून कळवलं, बॅग काढली, आणि टेपवाल्याला निरोप पाठवला.

तो धापा टाकतच आला.

"टेबल घेऊन जा," ती म्हणाली. "परवा मी चाललेय. तिथल्या ऑफिसात."

"चाललाय?" त्याचा चेहराच पडला. "टेबलात काय कमी राहिलं?"

"टेबलात काही नाही. मलाच एका जागी बसता येत नाही."

"कसं शक्य आहे? त्या दिवशी तर हलला नाहीत. बसा बघू."

ती हिरमुसून खुर्चीत बसली. आज कुणाला दाखवायचं होतं? पाय आपसूक वर आला, दुमडला, आणि गुडघा खणावर आपटला. ठक्‌!

टेपवाला बघतच राहिला. "तुम्ही... अशा बसता?"

"नेहमीच."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी तुम्ही बघत होतात ना!" तिचा बांध फुटला. "तुम्हाला छान दिसावं म्हणून बसले तशी. पाठ मोडली माझी! तुम्ही माप घेतलंत ती मी नव्हतेच..."

बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली.

"जिन्यात तुम्ही अशाच बसला होतात," तो म्हणाला. "मी पाहिलं होतं. पण नंतर... मी पायांकडे कुठे बघत होतो?"

आता तिला धीर आला. "आणि ओल? ती कुठे गेली?"

"ओल नव्हतीच." त्याने टेपशी चाळा केला. "भिंतीला टेबल लावलं असतं, तर तुम्ही दिवसभर भिंत बघितली असती. म्हटलं, मान वर केली की... मी दिसेन. पहिल्यांदाच कामाशी बेइमानी केली. तुम्ही जाणार असाल, तर ते माझ्यामुळे, आणि मला ते—"

"थोडक्यात सांगा. मला दोनच ओळी चालतात."

तो थांबला. मग थेट तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "जाऊ नका. तुम्ही मला फार आवडता."

"झाल्या दोन..." तिने बोटांवर मोजलं. "दोन्ही ठेवते."

त्याच दुपारी टेबल भिंतीला गेलं. खण निघाला, खुर्चीचे हात निघाले. भिंगरीने मॅडमकडे आणखी आठवडा मागितला — माप चुकलं होतं, म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. मॅडम कुरकुरल्या, पण हो म्हणाल्या.

"मावशी, अंगण खरंच वाकडं होतं," भिंगरीकडून मावशीचा टोमणा ऐकलेल्या टेपवाल्याने जाता जाता कबूल केलं.

आठवड्याच्या आत सगळं रखडलेलं काम मॅडमकडे पोचलं. मावशीने मुद्दाम मिक्सर लावून पाहिला, तरी भिंगरी खुर्चीवर मांडी ठोकून बसलेलीच. चहा घेऊन मावशी आत आली. भाची जागची हलत नव्हती, फक्त मान घडीघडी डावीकडे वळत होती, खिडकीकडे.

"अगं, अशाने मान दुखेल!"

"दुखू दे," ती तिकडेच बघत म्हणाली. "टेपवाल्याला बोलवू."