ड्रायव्हरसाहेबांची कंबर

एका हातानं पँट सावरत ड्रायव्हर बसमधून उतरला, तेव्हा मी आमच्या शिवणकामाच्या दुकानाच्या दारात ओली छत्री झटकत होते.

"बाई, पिन मिळेल का? मोठी… चांगली मोठी."

"पट्टा लावा की!"

"लावलाय. त्याची भोकं संपली."

आत काजं-बटणं करत बसलेली आई खुदकन हसली. बसमधले उतारूही खिडक्यांतून डोकावत होते. मी पिन लावून दिली, म्हटलं, "ड्युटी संपली की या. कंबर आत घेऊन देते."

तो आला. काही आठवड्यांनी पुन्हा आला. मग पुन्हा… दर वेळी पँट ढगळ, गाल थोडे आणखी बसलेले. डोळे मात्र तसेच – हसरे. मी टेप कमरेभोवती फिरवली की ते डोळे छताकडे वळायचे आणि कान लाल व्हायचे. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एवढा का वाळतोय हा?

"तब्येत… बरी आहे ना?" एकदा मी विचारलंच.

त्यानं आवाज खाली आणला. "इंजेक्शन घेतो. आठवड्यातून एकदा, पोटात. औषध मधुमेहाचं, पण भूक कमी होते, वजन उतरतं. साखर वाढली होती माझी. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर गाडी सोडावी लागेल." जरा थांबून म्हणाला, "डेपोत म्हणतात, आयता बारीक झाला. म्हणून बोलत नाही कुठं."

"आयता? मला बोटात सुई टोचली तर मी दुकान डोक्यावर घेते. तुम्ही पोटात टोचता!"

तो इतका मोकळा हसला, की माझी टेप हातातून सुटली.

पुढं एका दुपारी माप देता देताच तो मटकन स्टुलावर बसला. चेहरा पांढराफटक.

"काय खाल्लंत सकाळपासून?"

"मळमळतं हो… भूकच नसते."

"भूक नाही म्हणून उपाशी राहा, असं डॉक्टर म्हणाले?"

आईनं आपला डबा पुढं सरकवला. त्यानं चार घास खाल्ले, आणि माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. डोस कमी झाला. त्यानंतर दुपारची सुट्टी तो आमच्याच दुकानात काढू लागला. थोडंसंच खायचा, सावकाश. उतारूंच्या नकला करायचा. आईला नेमकं तेव्हाच शेजारी काम निघायचं!

मग साखर ताब्यात आली. वजन एका जागी थांबलं. डेपोच्या वैद्यकीय तपासणीत तो पास झाला, गाडी राहिली… पण मार्ग बदलला. त्याची बस आमच्या थांब्यावर येईनाशी झाली. आणि पँट तर आता नीट बसत होती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही… मग प्रत्येक बस थांबली की मशीन का थांबायचं?

एका संध्याकाळी तो दारात उभा. हातात पिशवी.

"शिवण उसवली."

मी पँट दिव्याखाली धरली. "ही उसवलेली नाही. ब्लेडनं कापलीय."

"…असेल."

"कुणी कापली?"

"ड्रायव्हरनं."

"मी आलेच," म्हणत आई चप्पल न घालताच बाहेर पडली.

"दुसरं निमित्तच सुचेना," तो म्हणाला. "तुम्ही मला फार आवडता. पण भीती वाटते. डॉक्टर म्हणतात, औषध थांबलं तर वजन परत वाढू शकतं. मी पुन्हा पहिल्यासारखा झालो, तर… तुम्हाला चालेल?"

मी पँट उलटी केली आणि कमरेच्या शिवणीत दुमडलेलं कापड त्याच्यापुढं धरलं.

"आत घेतलं ते सगळं इथंच आहे. एक चिंधीही कापली नाही मी. याला आम्ही माया म्हणतो. लागेल तेव्हा सोडता येते."

त्यानं त्या जाड घडीवरून बोट फिरवलं. बोट माझ्या बोटांपाशी येऊन थांबलं… तिथंच राहिलं.

"केव्हापासून ठेवलीय?"

"पहिल्या पँटपासून."

"बरीच आहे हो."

"पुष्कळ आहे," मी म्हणाले.