समाधानपट्टी

विशेष मुलांच्या पर्यायी शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या त्या कार्यालयातून आता कुणी शाळेत जातच नसे. जायचं कशाला? प्रत्येक मुलाच्या मनगटावर समाधानपट्टी होती. नाडी आणि हातांची हालचाल मोजून ती मुलाच्या मनाची अवस्था साहेबांच्या पडद्यावर पाठवी. हिरवा ठिपका म्हणजे मूल सुखात, लाल म्हणजे अस्वस्थ. चहा गार व्हायच्या आत कुलथे साहेब अख्खा जिल्हा तपासून मोकळे व्हायचे.

ऐकू न येणाऱ्या मिहिकाला नेहमीच्या शाळेतून काढून अशाच एका पर्यायी शाळेत घातलं होतं, तेही याच साहेबांच्या हुकमाने. तेव्हापासून तिने घरीसुद्धा हातांनी बोलणं सोडलं होतं. तिला जुन्या शाळेत परत आणायचं म्हणून तिची आई अर्पिता साहेबांसमोर बसली होती.

“अहो ताई, मुलगी मजेत आहे. एवढी हिरवीगार शाळा जिल्ह्यात दुसरी नाही. उद्या सत्कार करतोय आम्ही त्यांचा.”

“साहेब, तुम्ही तिला कधी पाहिलंय?”

“रोज पाहतो की!” म्हणत साहेबांनी पडद्यावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. अर्पिताला त्या बोटाची किळस आली.

सत्काराला मात्र साहेब जातीने गेले. शाल-श्रीफळ असलं की यांना शाळेचा रस्ता बरोबर सापडतो. अर्पिताही मागोमाग पोहोचली. वर्गात मुलं ओळीने हाताची घडी घालून बसली होती. एकही बोट हलत नव्हतं.

“खुणा केल्या की पट्टी लाल व्हायची, साहेब,” मुख्याध्यापिका कौतुकाने सांगत होत्या. “मग खुणाच बंद केल्या. थोडे दिवस रडली मुलं, आता सवय झाली.”

“वा! याला म्हणतात शिस्त!”

अर्पिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्राला बोलणं आणि तळमळणं यातला फरक कळत नव्हता, हे एक वेळ समजण्यासारखं होतं. पण या शहाण्यांनी यंत्र बदलायचं सोडून मुलांची वाचाच बंद केली होती, आणि वर शाल पांघरून घेत होते.

ती मिहिकासमोर खाली बसली आणि हातांनी म्हणाली, ‘बोल, बाळा.’

मिहिकाने आधी बाईंकडे पाहिलं. मग हळूच घडी सोडली. बोटं अडखळली, मग भराभर चालू लागली. पट्टी लाल होऊन किंचाळायला लागली.

“बघा! आई आली आणि मूल बिघडलं!” साहेब खेकसले. “काय चाललंय तिचं?”

“बोलतेय ती,” अर्पिता म्हणाली. मागच्या ओळीतली सगळी मुलं आता साहेबांकडेच पाहत होती. “तुम्हाला विचारतेय, यांनीही हात सोडले तर चालेल का?”