दुध्याशी नातं

"सावनी आणि आजोबा यांचं काहीही नातं नाही," गुंड्या यंत्रमानवाने थंडपणे जाहीर केलं. "शंभरात सत्तावीस अक्षरं जुळली. दुधी भोपळ्याशी पंचवीस जुळतात."

सावनी ताटातल्या दुध्याच्या भाजीकडे बघतच राहिली.

आजोबांनी कपाळाला हात लावला. निवृत्तीनंतर ते हौसेने विद्यापीठात संगणकीय जीवशास्त्र (संगणकाच्या मदतीने सजीवांचा अभ्यास) शिकत होते. एकदा नापास झाले होते. आता थोड्या वेळात त्यांच्या शिक्षिका करंदीकर बाई हा गुंड्याचा प्रकल्प तपासायला येणार आणि पुन्हा गटांगळी खाल्ली, तर शिक्षणच संपणार!

"अरे, तू जुळवतोस तरी कसं?" सावनी चिडली.

"डीएनए (पेशीतला चार अक्षरांत लिहिलेला आराखडा) घेतो. पहिलं अक्षर पहिल्याशी, दुसरं दुसऱ्याशी. आजोबांनी शिकवलेला अल्गोरिदम (पायरीपायरीने काम करायची ठरलेली रीत) आहे."

"अक्षरं चारच, म्हणजे चारातलं एक नुसत्या नशिबानेही जुळणार," आजोबा पुटपुटले. "पण माझी सख्खी नात दुध्याच्या पंक्तीत?"

सावनीने पडद्यावरच्या दोन ओळी निरखल्या. पहिली तीन अक्षरं जुळत होती. तिच्या ओळीतलं चौथं गळलं होतं, म्हणून पुढची सगळी एकेक घर सरकली होती. विचार करताना तिची जीभ पडलेल्या दाताच्या जागी गेली आणि ती ओरडलीच, "आजोबा! माझा दात पडला म्हणून बाकीचे दात सरकले का? जागा रिकामी ठेवा ना!"

आजोबांनी तसं शिकवलं आणि गुंड्याला चेव चढला. वाटेल तिथे जागा सोडत त्याने दुध्यालाही सख्खं करून टाकलं. मग आजोबांनी नियम घातला : अक्षर जुळलं तर गुण, जागा सोडली तर दंड. गुंड्या सुतासारखा सरळ झाला. एकच जागा सोडून म्हणाला, "शंभरात नव्याण्णव. नात तुमचीच."

सावनीने आजोबांना घट्ट मिठी मारली. तिला खरंच धास्ती वाटली होती.

"रिकाम्या जागेची युक्ती कुणाची?" बाईंनी आल्यावर विचारलं. आजोबांनी नातीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. ती हसली, आणि बाईंना उत्तर दिसलं. आजोबा पास झाले.

"याच रीतीने सगळ्या सजीवांची नाती शोधता येतात," बाई सावनीला म्हणाल्या. "अजून कितीतरी शोधायची आहेत. दुध्याशीसुद्धा आपलं नातं आहेच, फार लांबचं."

रात्री सावनीने भाजीची वाटी दूर सरकवली. "घरच्यांना खात नाहीत."

आजोबांनी ती वाटी आपल्याकडे ओढली. "लांबचं आहे गं," ते म्हणाले.