कॉय स्टिडहॅमचा वरचा सूर

नाही, पट्टी चढवू नका. आहे त्याच सुरात गा. वेंडेल, तुझा गळा चांगला आहे, अजून अर्धा सूर सहज वर जाईल, मला कळतं ते. पण या घरात, अंधार पडल्यावर, नको. फिडल ठेव खाली. कॉफी घ्या. आयव्ही, त्या कोपऱ्यातल्या बासला टेकू नकोस. इकडे शेगडीजवळ ये.

का, ते सांगतो. ही गोष्ट माझ्या ओळखीच्या एका माणसाची आहे. माझी शाळा चौथीत सुटली, रचून सांगणं मला जमत नाही. घडलं तसं सांगेन, हळू सांगेन. मध्ये बोलू नका.

स्टिडहॅम बंधू हे नाव तुमच्या आज्यांना विचारा. अर्लिस थोरला, गिटार आणि गाण्याचा मूळ आवाज त्याचा. कॉय धाकटा, फिडल आणि वरचा सूर त्याचा. मी त्यांच्यामागे उभा राहून बास वाजवायचो, फिडलचाच माणसाएवढा थोरला भाऊ. हाच बास. त्यांची गाडीही मीच चालवायचो. तेव्हा मी पंचविशीचा होतो, ते दोघं पन्नाशीच्या आसपास.

तुम्ही आज प्रत्येक जण तोंडाशी एकेक मायक्रोफोन घेऊन उभे राहता. तेव्हा पाच माणसांत एकच असायचा. गाणारे मध्ये. ज्याची वाजवायची पाळी येईल त्यानं बाजूनं आत शिरायचं, आपला तुकडा वाजवायचा आणि खांदा वळवून बाहेर निघायचं. कोणी कोणाला धडकायचं नाही, बँजोची मान कोणाच्या डोळ्यात जायची नाही. ते बघायलासुद्धा लोक यायचे. आम्ही शाळेच्या वर्गात गायचो, कोर्टाच्या पायऱ्यांवर गायचो. उन्हाळ्यात उघड्यावरच्या सिनेमाला, जिथं लोक आपापल्या गाडीत बसून पडदा बघतात, तिथं सिनेमाआधी खाण्याच्या टपरीच्या छपरावर चढून गायचो. टाळ्या वरपर्यंत पोचायच्या नाहीत, म्हणून लोक हॉर्न वाजवायचे. डोंगराच्या कुशीत संध्याकाळी सगळ्या गाड्या एकदम हॉर्न वाजवताहेत... तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. चांगल्या झोपेत.

आणि ते दोघं गायला लागले की हॉर्नही बंद. दोघांची तोंडं इतकी जवळ की एकाचा श्वास दुसऱ्याच्या मिशीला लागावा. बायका गाडीच्या काचा खाली करून रडायच्या. म्हणायच्या, सख्ख्या भावांशिवाय असं गाणं होत नाही. ते खरंच होतं. फक्त ते दोघं बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण बापाच्या फिडलवरून. बाप खाणीत मेला, फिडल भिंतीवर राहिली. आमच्याकडचे जुने फिडलवाले फिडलच्या पोटात खुळखुळ्या सापाची वाळलेली, वाजणारी शेपटी टाकतात, तुम्हाला माहीत आहे. बापानं टाकली की मुलगा ती काढत नाही. या फिडलमध्येही होती. आई गेली त्या आठवड्यात कॉयनं फिडल भिंतीवरून काढून घरी नेली. त्याला वाजवता येत होती, अर्लिसला येत नव्हती, एवढा साधा हिशेब. पण अर्लिस आईच्या कबरीशी सगळ्या गावासमोर म्हणाला की हा चोर आहे. त्यानंतर शब्द नाही.

नाव गाजलेलं, म्हणून जोडी मोडता येत नव्हती. मग जे बोलायचं ते माझ्यामार्फत. एका टेबलाशी नाश्ता करायचे. अर्लिस म्हणायचा, "लॉन्झो, त्याला विचार मीठ हवं का." कॉय समोरच बसलेला. तो म्हणायचा, "लॉन्झो, त्याला सांग, अंडं काही त्याच्या गाण्याइतकं अळणी नाही." मी हसायचो. ते दोघं हसत नसत.

खरं भांडण व्हायचं ते छपरावर. गाणं फिडलनं उचलायचं अशी आमची रीत. फिडल ज्या पट्टीत उचलेल त्याच पट्टीत बाकीच्यांनी जायचं, एवढ्या लोकांसमोर थांबवून कोण सांगणार? कॉयच्या मनात आलं की तो ठरल्यापेक्षा अर्धा सूर वर उचलायचा. अर्लिसला गिटारीच्या मानेवरचा चाप घाईनं एक घर पुढे सरकवावा लागे. पुढच्या गाण्याला आणखी अर्धा. कॉयचा गळा कुठंही पोचायचा. अर्लिसच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगायच्या, डोळ्यांत पाणी यायचं, पण तो हटायचा नाही. लोकांना वाटायचं, काय जीव ओतून गातात. मी मागून दोघांच्या वाद्यांवर आवळलेल्या मुठी बघायचो.

कॉयला पोटात गाठ झाली. वसंतात त्याला हॅझर्डच्या हॉस्पिटलात ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा तो उशीत बुडून गेला होता. म्हणाला, "अर्लिसला सांग, एकदा त्याच्या तोंडानं माझं नाव घे म्हणावं. बाकी काही नको."

मी तसाच अर्लिसकडे गेलो. तो अंगणात लाकडं फोडत होता. कुऱ्हाड न थांबवता म्हणाला, "त्याला सांग, फिडल बापाच्या भिंतीवर परत टांग. मग बघू."

हा निरोप घेऊन परत पोचलो तेव्हा कॉयच्या तोंडावर चादर ओढलेली होती. पुरायला अर्लिस गेला नाही.

त्यानंतर दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर लोक बोलू लागले. स्टिडहॅम बंधू संपले. सगळा जीव त्या वरच्या सुरात होता, थोरला नुसता सोबतीला. अर्लिसच्या कानांवर ते जायचं. त्यानं पाइकव्हिलहून नवा फिडलवाला आणला आणि उघड्यावरच्या सिनेमाचा हंगामातला शेवटचा शनिवार ठरवला. पत्रकावर नाव तेच छापलं. लोकांना दाखवायचं होतं की गाणं त्याचं होतं. फक्त फिडल बापाचीच हवी होती.

ती आणायला आम्ही निघालो. ऑक्टोबर एकाहत्तर, एकवीस तारीख, गुरुवार. तालीम उरकून निघालो होतो, म्हणून बास ताडपत्रीत गुंडाळून गाडीच्या टपावर बांधलेला. कॉयची बायको ओमा घळीच्या टोकाला राहायची. घरामागच्या टेकाडावर स्टिडहॅमांच्या कबरी, शेवटची कॉयची. पोचलो तेव्हा दिवस मावळला होता.

ओमा आणि हे दोघं भाऊ एकाच शाळेतले, ती अर्लिसला कधी भ्यायली नाही. चुलीवर घेवडा शिजत होता. तिनं बसा म्हटलं नाही. अर्लिसनं कशाला आलो ते सांगितलं. ती आत गेली, पेटी आणून टेबलावर ठेवली. इतकी सहज की मलाच कसंतरी झालं.

"ने," ती म्हणाली. "पण आधी वर जा आणि त्याच्याकडे माग. नाव घेऊन माग. तेवढंच मागितलं होतं त्यानं."

"मेलेल्याकडे मागायला मी वेडा नाही."

"जिवंत होता तेव्हा तरी कुठं शहाणा होतास?"

अर्लिसनं पेटी उघडली. फिडल हातात घेऊन हलवली. आत खुळखुळलं. त्याचं तोंड असं झालं की जणू कोणी त्याला हसलं. तो फिडल घेऊन बाहेर ओढ्याकडे गेला, मी कंदील घेऊन मागे. त्यानं फिडल उलटी करून झटकली, पुन्हा झटकली, शेवटी ती शेपटी भोकातून त्याच्या तळहातावर पडली. बोटाच्या पेराएवढी, करडी. मी म्हणालो, अर्लिस, बापानं टाकलेली आहे ती. तो म्हणाला, "शनिवारी फिडल माझी आहे. तिच्यात त्याचं काही नको."

आणि ती ओढ्यात फेकली. कंदिलाच्या उजेडात मी तिला पाण्यात पडताना बघितलं. हे लक्षात ठेवा.

ओमा दारात उभी होती. आम्ही गाडीत बसलो तेव्हा तिनं आतला दिवा मालवला.

पेटी मागच्या सीटवर. अर्लिस माझ्या शेजारी. घळीतला रस्ता म्हणजे नुसती वळणं, एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला कडा. पहिल्या वळणावर टपावर काहीतरी वाजलं. बारीक. वाटलं, दोरीची कडी असेल.

अर्लिस शनिवारचं पहिलं गाणं गुणगुणू लागला. खालच्या आवाजात, स्वतःशी. पहिली ओळ झाली. दुसरी झाली.

तिसऱ्या ओळीला मागून वरचा सूर आला.

मी आरशात बघितलं. सीटवर पेटी. बाकी अंधार.

अर्लिस थांबला. मागचा आवाज थांबला. गाडीच्या इंजिनाशिवाय काही नाही. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान वळवली नव्हती. तो समोर काचेतून रस्ता बघत होता.

"लॉन्झो," तो म्हणाला, "त्याला सांग, गाडीतून उतर."

पोरांनो, निरोप पोचवायची सवय. मी सांगितलं. रस्त्यावरची नजर न काढता म्हणालो, कॉय, अर्लिस म्हणतो, उतर.

पुढचं वळण आलं.

मग पेटीत फिडल वाजली. बंद पेटीत. गाणं उचलायचा तोच तुकडा. अर्धा सूर वर.

मी म्हणालो, "अर्लिस, गाऊ नकोस. नाव घे. नुसतं नाव घे त्याचं."

"त्याला सांग, मी हटणार नाही."

आणि त्यानं उचललं. मोठ्यानं. छपरावर उभा असल्यासारखं. मागून वरचा सूर आला, त्याला चिकटून, तसाच, पूर्वीसारखा... मी आजवर त्याहून सुंदर गाणं ऐकलेलं नाही.

कडवं संपलं. फिडल वाजली. आणखी अर्धा सूर वर.

अर्लिस गायला.

पुन्हा फिडल. पुन्हा वर.

मी गाडी थांबवायला बघितली. ब्रेक लागेना की माझा पाय लागेना, सांगता येत नाही. वळण. टपावर खुळखुळ. पुढचं वळण. खुळखुळ. अर्लिसचा आवाज फाटायला लागला. तो दोन्ही हातांनी मांड्या धरून बसला होता. मान वर. शिरा वर. मागचा आवाज मऊ. घाई नाही. दमलेला नाही.

आणखी वर.

"अर्लिस," मी म्हणालो. "कॉय..."

कोणीच ऐकत नव्हतं.

आणखी वर.

मग काहीतरी तुटलं. मी ते ऐकलं. ओलं कापड फाटावं तसं. अर्लिसचं तोंड उघडं होतं आणि त्यातून हवा येत होती. हनुवटीवरून काहीतरी काळं ओघळत होतं.

मागचा आवाज एकटा राहिला. त्यानं ओळ पुरी केली. थांबला. वाट बघितली...

गाडी खिंडीत पोचली होती. खाली गावाचे दिवे. मागे शांत.

डॉक्टर म्हणाला, गळ्यातल्या तारा फाटल्या, ओरडला असेल. शनिवारी छपरावर कोणी चढलं नाही. गाड्या आल्या, थोडा वेळ हॉर्न वाजले, मग लोकांनी सिनेमा बघितला. त्याच वेळी मी अर्लिसला घेऊन घळीत गेलो होतो. त्यानंच खूण करून न्यायला सांगितलं होतं. त्यानं फिडल ओमाच्या टेबलावर ठेवली आणि टेकडी चढला.

कॉयच्या कबरीशी तो टोपी काढून उभा राहिला. ओठ हलले. मी जवळ होतो, मला ओठांचा आकार दिसला. कॉय. पुन्हा. कॉय. आवाज नव्हता. वारा होता तेवढाच. त्यानं मला कोपरानं ढोसलं, सांग म्हणून.

मी म्हणालो, कॉय, अर्लिस म्हणतो... आणि तो पुढे काय म्हणतो ते मला माहीत नव्हतं.

त्या रात्री घरी येऊन मी बास टपावरून उतरवला. गुरुवारपासून तसाच बांधलेला होता, गाठी माझ्याच, ताडपत्री कोरडी. आत आणून या कोपऱ्यात उभा केला. तेव्हा पोटात वाजलं. दिवा धरून भोकातून बघितलं. करडी, बोटाच्या पेराएवढी.

मी ती काढली नाही. दोघांमधला निरोप नेहमी माझ्याकडेच यायचा. हा कोणाचा कोणाला, मला कळलेलं नाही. अर्लिस नऊ वर्षांनी गेला. त्यालाही विचारता आलं नाही.

आयव्ही, ऊठ. भिऊ नकोस, मी आहे. बासची मान धर आणि हळूच तिरका कर. आणखी. ऐकलंस? आता ती भोकाच्या तोंडाशी आली असेल. आत बोट घाल.

ओली लागली ना?

ओढ्यात पडली त्याला पन्नासावर वर्षं झाली. अजून तशीच आहे.