हात डोक्यावर

ज्याला खोटं वाटतं त्यानं इथेच थांबावं. मी कुणाच्या विनवण्या करायला बसलेलो नाही.

ही माझ्या मावसबहिणीची गोष्ट आहे. मी तिला ताई म्हणतो. बारा वर्षं ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जो तो तिला एकच म्हणाला... तुम्हाला नीट दिसलं नसेल.

आणि रात्रबित्र काही नव्हती. दुपारचे साडेचार वाजले होते. लख्ख ऊन.

समुद्रकाठचं लहानसं गाव. लोक तिथे सर्फिंगला येतात. एकदम निवांत. दुकानं मालकाच्या लहरीवर उघडतात. वाटेत कुणीही भेटला, अगदी अनोळखी, तरी हात हलवून हसतो. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच पालुपद, "टेन्शन नाही."

त्या दोन शब्दांनी माझं डोकं फिरतं. का, ते कळेल.

ताई आणि भाऊजी चार दिवसांसाठी गेले होते. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. पूर्वी कधीतरी चाकात सापडून त्यांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली होती. त्यावर सगळ्यात जास्त विनोद ते स्वतःच करायचे.

सर्फिंग शिकवणाऱ्या दाढीवाल्याला सगळे मास्तर म्हणत. पहिल्याच दिवशी त्यानं खूण शिकवली.

"आत गेलात की ओरडलेलं ऐकू येत नाही. किनाऱ्यावरून कुणी डोक्यावर हात ठेवला, तर तो विचारतोय, ठीक ना? तुम्हीही हात डोक्यावर ठेवा. म्हणजे ठीक. आणि हात हलवला, तर मदत हवी. उगाच गंमत म्हणून हलवायचा नाही."

भाऊजींनी डावा हात डोक्यावर ठेवला. "मास्तर, तीन बोटांचं ठीक चालेल, की कमी पडेल?"

सगळे खो खो हसले.

"अहो, पुरे आता," ताई म्हणाली. पण तीही हसत होती.

तिसऱ्या दिवशी भाऊजी सर्फिंगचा बोर्ड घेऊन लाटांच्या पलीकडे गेले. आणखी तिघे होते आत. ताईला पोहता येत नाही. ती किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसली. दर पाच-दहा मिनिटांनी डोक्यावर हात ठेवायची. लांबून उत्तर यायचं. हात डोक्यावर.

ठीक.

मग तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. दोन घोट प्यायली. मान वर केली, तर भाऊजी बोर्डवर हात डोक्यावर ठेवून बसलेले.

पण तिनं तर विचारलंच नव्हतं...

तिला हसू आलं. म्हटलं, चेष्टा चाललीय. तिनंही हात ठेवला आणि खाली घेतला.

त्यांचा हात खाली आला नाही.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

एक मोठी लाट आली. बाकीचे तिघे तिच्यावर वर गेले, खाली आले.

भाऊजी हलले नाहीत. लाट गेली... आणि ते जिथल्या तिथे. पाटीवर काढलेल्या चित्रासारखे.

ताई धावत मास्तरकडे गेली. मास्तर झुल्यात पडला होता, चेहऱ्यावर टोपी.

"अहो मास्तर, यांना बघा ना जरा. काहीतरी विचित्र वाटतंय."

त्यानं टोपी सरकवली. समुद्राकडे पाहिलं. "हात डोक्यावर आहे की, मॅडम. मजेत आहेत ते."

"केव्हाचा तसाच आहे तो हात!"

"मग तर फारच मजेत आहेत." त्यानं दुर्बीण पुढे केली. "घ्या, बघा डोळे भरून."

ताईनं दुर्बीण लावली. उन्हामुळे चेहरा काळा दिसत होता. हात मात्र स्पष्ट. डावा हात, केसांवर पसरलेला.

तिनं बोटं मोजली.

पुन्हा मोजली...

पाच.

"मास्तर, ते हे नाहीत! त्या हाताला पाच बोटं आहेत!"

"एवढ्या लांबून बोटं? चकाकतंय पाणी. नीट दिसलं नसेल तुम्हाला."

"अहो, मी डोळे तपासते लोकांचे!"

"मग स्वतःचेही एकदा तपासून घ्या." तो हसला. "टेन्शन नाही, मॅडम."

ताई पाण्यात शिरली. कमरेपर्यंत. त्यापुढे पाय उचलेना. तिनं दोन्ही हात वर करून हलवले. ओरडली, घसा फाटेपर्यंत. हात हलवला की मदत, असंच शिकवलं होतं ना?

किनाऱ्यावरच्या लोकांनी पाहिलं... आणि हसून तिला हात हलवले. एका बाईनं तर कडेवरच्या लेकराचाही हात हलवला.

आतल्या तिघांनी हात डोक्यावर ठेवले.

आणि त्यानं... त्या चौथ्यानं... दुसराही हात उचलला. तोही डोक्यावर ठेवला.

ती किती वेळ ओरडत होती, तिला आठवत नाही. मास्तर अखेर निघाला तेव्हा पावणेसहा झाले होते. कुरकुरतच गेला. ताई बघत होती. मास्तर पार त्याच्यापर्यंत पोचला. दोघांमध्ये हातभर अंतर. तो तसाच बसलेला, दोन्ही हात डोक्यावर.

मास्तरनं उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. मागे वळला.

त्याला कुणीच दिसत नव्हतं...

भाऊजींचा बोर्ड सापडला किनाऱ्याच्या उजवीकडच्या खडकांमागे. पायाला बांधायची दोरी तुटलेली. भाऊजी सापडले सात वाजता. तिथेच.

खडकांच्या त्या बाजूला एक कॉफीचं दुकान आहे. त्याच्या मालकिणीला ताईनं विचारलं, काही दिसलं होतं का. ती बाई रडत नव्हती. तिला अजून काही कळलंच नव्हतं.

"हो, होता ना एक माणूस. पाण्यातून हात हलवत होता. मीपण हलवला. किती प्रेमळ वाटला!"

"कधी?"

"साडेचारला असेल. बराच वेळ हलवत होता. अर्धा तास तरी." मग तिचा आवाज उतरला. "हाताला तीनच बोटं होती बिचाऱ्याच्या."

बोटं मोजता येतील, इतके जवळ होते ते.

तो पाण्यावर कोण बसला होता, हे मला विचारू नका. मास्तरला विचारलं, तर म्हणाला, "मला तर हात डोक्यावर दिसला होता." गावानं दोन दिवस दुकानं बंद ठेवली आणि तिसऱ्या दिवशी उघडली. टेन्शन नाही!

या गोष्टीला तीन वर्षं झाली. त्यानंतर ताईनं स्वतःचा हात कधी डोक्यापर्यंत नेला नाही. तेलही दुसऱ्याकडून लावून घेते.

गेल्या महिन्यात, एका सकाळी, मी तिच्या दुकानावरून चाललो होतो. घाईत होतो. काचेआड ती उभी दिसली. मी लांबूनच भुवया उडवल्या, काय, बरंय ना?

तिनं हात डोक्यावर ठेवला.

मी हसलो आणि पुढे गेलो. वीस-पंचवीस पावलं गेलो असेन...

ताई डोक्यावर हात नेत नाही.

उलट धावलो. दुकानाला कुलूप होतं. बाहेरून.

तिच्या घराचं दार फोडावं लागलं. ताई न्हाणीघरात पडली होती, खुब्याचं हाड मोडून. आदल्या संध्याकाळपासून. हाका मारून मारून आवाज बसलेला. खिडकीच्या फटीतून एक हात बाहेर काढला होता. समोरच्या इमारतीतल्या एका काकांनी तिला दोनदा हात हलवून दाखवला होता.

आता ती माझ्याकडेच असते, आतल्या खोलीत. मी बाहेरून विचारतो, "ताई, कशी आहेस?"

"ठीक आहे रे."

आवाज तिचाच असतो.

तरी मी उठतो. दरवेळी उठतो. आत जाऊन बघतो.