जावंसंच वाटत नाही

वाघांनी रेल्वेखाली मरू नये, एवढ्यासाठी डॉ. नीलांबरी उराडेने तो शोध लावला होता. एवढ्याचसाठी! नागपूरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं डोकं शिणवून तिने एक लहर शोधली. कानाला ऐकू न येणारी, अतिमंद कंपनांची. रुळांच्या दोन्ही अंगांना खांब रोवायचे आणि त्यांतून ही लहर सोडायची. रुळांकडे निघालेला वाघ खांबांपाशी यायचा, थबकायचा आणि मागे फिरायचा. घाबरून नव्हे, बरं का. त्याला पलीकडे जावंसंच वाटायचं नाही. हिचं नाव तिने ठेवलं विमुखलहर. निबंधाच्या शेवटी तिने ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की माणसांवर हिचा वापर कदापि होऊ नये, कारण माणसाला ती स्वतःचीच इच्छा वाटेल. पण निबंधाचा शेवट वाचतो कोण?

'निवांत निवास' नावाच्या कंपनीने नक्कीच वाचला नव्हता. किंवा वाचून वर टाळ्या पिटल्या असतील. नीलांबरीला याचा पत्ताच नव्हता. खैरबन राष्ट्रीय उद्यानाला लागून एक अख्खं घर सुट्टीसाठी भाड्याने मिळतं, जाहिरातीत 'एकांताची हमी' दिलेली आहे, इतकंच तिने पाहिलं. नवरा श्रीरंग आणि वडील नाना यांना घेऊन ती निघाली. नाना म्हणजे आकाशवाणीचे निवृत्त निवेदक. त्यांच्या आवाजावर अर्धा विदर्भ घड्याळ लावायचा. पंचाहत्तरी उलटली तरी तो आवाज तसाच होता, आणि तो ऐकवायची हौसही तशीच.

घराच्या अलीकडच्या गावात त्यांनी रस्ता विचारला. पाणी भरणारी एक बाई म्हणाली, "तिकडे आमची मोहाची झाडं हायेत. पण औंदा फुलं वेचायला कोणी गेलंच नाही."

"काहून?" नानांनी विचारलं.

"मनच नाही झालं कोणाचं," बाई म्हणाली आणि स्वतःच नवल करत बसली.

घर मोठं सुरेख होतं. वरांड्यातून थेट जंगल दिसायचं. माणूस नाही, गाडी नाही, फोनला रेंज नाही. शिवाय घर बोलायचं. 'गृहवाणी' असं त्या यंत्रणेचं नाव होतं. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "आपले स्वागत असो. बाहेर पडताना कृपया उंबरठ्यापाशी मला सांगून निघावे."

"फारच शुद्ध बोलून राहिलं हे," नाना म्हणाले. "आपल्याकडचं नाही. कोणीतरी पुस्तक वाचून शिकवलेलं दिसतं."

दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी नाना पोह्यांवर लिंबू पिळत होते, ते लिंबू हातातून गळालं. उचलायला वाकले तर उजवा हात हलेना. तोंड एका बाजूला झुकलं. काहीतरी बोलू गेले, पण शब्द घरंगळले.

"पॅरालिसिसचा झटका आहे!" नीलांबरी ओरडली. "श्रीरंग, गाडी काढ. तालुक्याला नेऊ. लवकर पोचलो तर वाचा वाचेल, नाहीतर गेली!"

दोघांनी नानांना उचलून मागच्या सीटवर ठेवलं. निघताना श्रीरंग घराला ओरडून म्हणाला, "येतो रे आम्ही!"

वाट झाडीतून उतरत होती. एका वळणावर, बांबूच्या रंगाच्या दिव्याच्या खांबांपाशी, श्रीरंगने वेग कमी केला. "नीलू, मागे बघ जरा. शांत झालेत ते. इतक्या खडबडीत रस्त्याने उगाच हाल कशाला?"

"हो रे," नीलांबरी म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं. थोडं पडू द्यावं, मग बघू. गाडी वळली.

घरासमोर आल्याबरोबर तिने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, वेड लागलंय का आपल्याला? परत कशाला आणलंस?"

"तूच तर हो म्हणालीस!"

"येतो आम्ही" म्हणून ते पुन्हा सुसाट निघाले. पुन्हा तेच वळण आलं आणि पुन्हा दोघांना वाटलं की काही घाई नाही. परतल्यावर नवरा-बायको एकमेकांवर असे तुटून पडले, की मागे नाना डाव्या हाताने सीट बडवत होते तेही त्यांना दिसेना. तिसऱ्यांदा मात्र नीलांबरी नानांचा चेहरा पाहत बसली. त्या चेहऱ्यात तसूभरही फरक पडला नव्हता. तिची काळजी मात्र वळणापाशी येताच विरघळली, आणि घर दिसताच उसळून वर आली. रुळांपाशी वाघ नेमका असाच वळायचा.

"माझीच लहर आहे ही," ती म्हणाली. "हरामखोरांनी माझीच लहर लावली आहे!"

घरातल्या फोनवरून फक्त कंपनीशी बोलता येत होतं. तिकडे सौमित्र पाठारे नावाचा अभियंता होता. तिचं नाव ऐकून तो गहिवरलाच. "मॅडम, तुम्ही! तुमच्या निबंधावरच तर आमचं एकांतकडं उभं आहे. घराभोवती खांबांचं कडं केलं, की बाहेरचं कोणी फिरकतच नाही. ना भिंत, ना कुंपण. कोणाला अपमान झाल्यासारखंही वाटत नाही."

"कौतुक राहू दे! माझे वडील मरायला टेकलेत आणि आम्हाला बाहेर पडावंसं वाटत नाहीये. लहरीला आतबाहेर कळत नाही रे. कड्यापाशी येईल त्याला ती परत फिरवते, मग तो कुठल्याही बाजूने येवो!"

"म्हणून तर गृहवाणीला सांगायचं असतं. पाहुणा ठरल्या दिवशी आला किंवा सांगून निघाला, की ती त्याच्यापुरती लहर थांबवते."

"सांगितलं! दर खेपेला सांगितलं!"

"काय म्हणालात?"

"काय म्हणजे? 'येतो' म्हणालो."

"मॅडम... 'येतो' म्हणजे आगमन. तुम्ही आत येताय असं तिने धरलं. तुम्ही तर आतच होता, म्हणून काहीच केलं नाही. निघताना 'जातो' म्हणायचं."

नीलांबरीच्या मस्तकात तिडीक गेली. "निघताना 'जातो'? तू पाठारे ना रे? तुझ्या आईने तुला आयुष्यात कधी उंबरठ्यावर 'जातो' म्हणू दिलं?"

"तिला मराठी यंत्राकडून शिकवली, मॅडम. आणि आमचे मराठी पाहुणेसुद्धा घराशी इंग्रजीतच बोलतात. अडचण कधी आलीच नाही."

"लाज वाटू दे! बंद कर ते कडं, आत्ताच्या आत्ता."

"इथून नाही होत. छेडछाड नको म्हणून मुख्य कळ खांबावरच ठेवली आहे."

तिने फोन आदळला. श्रीरंग उंबरठ्यात अडखळला होता. "नीलू, नाना गाडीत असे पडलेत आणि त्यांच्यादेखत 'जातो' म्हणायचं? जीभ रेटत नाही."

"माझी रेटते," ती म्हणाली आणि घराकडे तोंड करून गरजली, "जातो आम्ही! तिघंही जातो!"

"आपला प्रवास सुखाचा होवो," घर म्हणालं. या खेपेला वळण कधी मागे पडलं ते कळलंसुद्धा नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी नानांना वाचवलं. पण वाचा गेली. "थोडं आधी आणायला हवं होतं," ते म्हणाले. तीन वेळा मागे फिरलेल्या गाडीबद्दल त्यांना काय सांगणार? ज्या आवाजाने एकेकाळी पुराच्या बातम्या सांगून गावंच्या गावं जागी केली, त्या आवाजाला आता 'पाणी' म्हणता येत नव्हतं. नाना बोट दाखवायचे आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

कंपनीने पत्र धाडलं. झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे, 'येतो' हा शब्द निर्गमनात समाविष्ट केला आहे, विषय संपला. संपला म्हणे! उद्या त्या घरात कोणाला साप चावला, तर रुग्णवाहिका येणार कशी? चालकाला वळणापाशी वाटेल, खोटाच फोन असेल. आणि घर तर पुढच्या शनिवारसाठी दुसऱ्या कुटुंबाला दिलेलं होतं, दोन लहान लेकरांसकट. गावच्या लोकांचं तर कोणी नावच काढत नव्हतं. भिंत घातली असती तर ते भांडले असते, मोर्चा काढला असता. इथे त्यांचं नुसतं रान चोरलं होतं असं नाही, रानात जायची इच्छाच चोरली होती, आणि ती चोरीला गेली हे कळायचीही सोय ठेवली नव्हती.

पाठारे मात्र खरोखर खजील झाला. नानांना पाहायला आला, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "चला मॅडम, मी स्वतः बंद करतो." पोलिस उपनिरीक्षक आणि वनखात्याचे अधिकारी यांना घेऊन जीप निघाली. वाटेत नीलांबरीने सगळ्यांना पढवलं, "वळणापाशी जे वाटेल ते खरं मानू नका. काही झालं तरी पुढे चला."

वळणापाशी उपनिरीक्षक म्हणाले, "मला वाटतं, आधी कागदपत्रं मागवू." वनाधिकाऱ्यांनी मान डोलावली. पाठारे म्हणाला, "पुढच्या आठवड्यात नीट तयारीने येऊ." आणि नीलांबरी? ती म्हणाली, "हो, ऊनही फार आहे." सगळे गावात येऊन चहा प्यायले. अहवाल आला, 'कारवाईची आवश्यकता वाटत नाही.' त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"मग तुमचे लोक दुरुस्तीला कसे जातात?" संध्याकाळी नागपुरात राग परतल्यावर तिने पाठारेला विचारलं.

तो विचारात पडला. "कोणी गेलंच नाही आजवर. दर वेळी वाटलं, पुढच्या महिन्यात बघू."

यंत्राला मन नसतं, तेव्हा उडतं यंत्र पाठवून कळ पाडावी, असं तिने सुचवलं. पण उद्यानाजवळ त्याला बंदी. परवानगी हवी तर आधी अधिकाऱ्याने स्थळपाहणी करायची. म्हणजे झालंच!

तेव्हा तिने ठरवलं, थेट वर जायचं. राजधानीतल्या मोठ्या साहेबांचं कार्यालय नागपुरातच नव्या तक्रार निवारण भवनात आलं होतं. सोमवारी ती अर्ज घेऊन तणतणत गेली. मंगळवारीही गेली. बुधवारी संध्याकाळी श्रीरंग तिच्यासमोर उभा राहिला.

"नीलू, अर्ज दिलास?"

"उद्या देते. आज गर्दी असेल असं वाटलं."

"वाटलं, की होती?" त्याने विचारलं. "रोज भांडायला म्हणून जातेस आणि हसतमुखाने संत्री घेऊन येतेस. घरी येऊन तासाभराने मग भांडी आपटतेस."

तिच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. भवनाच्या आवाराभोवती सावलीत उभे असलेले, बांबूच्या रंगाचे दिव्याचे खांब तिच्या डोळ्यांपुढे आले. तिने पाठारेला फोन लावला.

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल," तो हळूच म्हणाला. "सुट्टीची घरं हा नमुना होता, मॅडम. खरे ग्राहक ही सरकारी कार्यालयं आहेत. आता प्रत्येक जिल्ह्यात बसवतायत."

गुरुवारी ती पुन्हा गेली. या वेळी सगळं जाणून गेली. अर्ज छातीशी धरला होता, नानांचा वाकडा झालेला चेहरा डोळ्यांपुढे धरला होता, दातओठ खात स्वतःशीच बोलत होती, ही लहर आहे, ही माझीच लहर आहे, हे माझं मन नव्हे. लहर कशी बनते, मेंदूत कुठे शिरते, हे तिच्याइतकं जगात कोणाला ठाऊक होतं? फाटकापासून चार पावलांवर ती थांबली. आजूबाजूला आणखी काही माणसं आली होती. हातात कागद घेतलेला एक म्हातारा, कडेवर पोर घेतलेली एक बाई. दोघंही जरा थबकली आणि शांतपणे वळून गेली. त्यांचं बरोबरच आहे, नीलांबरीला वाटलं. कशाला उगाच ताणायचं? नानांची काळजी घेणारे आपण आहोतच की. तिने अर्जाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि ती वळली.

दारावरच्या शिपायाने रस्ता रिकामा पाहून आत हाक दिली, "साहेब, आजही कोणी नाही आलं."

"येतील कशाला?" आतून आवाज आला. "सुखात आहेत लोक."